भिशीच्या पैशातला कॉम्प्युटर: सांगलीतल्या एका फोटो स्टुडिओचं प्रकरण

२०२५ च्या सप्टेंबरात, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, भाच्याचा फोन आला. "मावशी, ब्रँडेड घेऊ का असेंबल करून घेऊ, एवढंच सांग. पितृपक्षात घ्यायचं नाही, पण ठरवून तरी ठेवतो."

मी सांगलीत वीस वर्षांहून जास्त काळ डीटीपी आणि अल्बम डिझाइनचं काम करते. भाच्याचा विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर फोटो स्टुडिओ आहे, वर्षाला साधारण तीस लग्नं. फोटो तो काढतो, एडिटिंग सगळं सूनबाई, म्हणजे त्याची बायको, करते. फोनवर उत्तर द्यायचं मी टाळलं, कारण प्रश्नच अर्धा होता. कॉम्प्युटर नक्की कुठे अडतोय, हे त्याने सांगितलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाला, "स्लो झालाय गं, जुना झालाय." पण स्लो म्हणजे काय? आणि कुणाला स्लो?

पैसे भिशीचे होते. सूनबाईची दीड लाखाची भिशी लागली होती आणि ती त्यातून मशीन घ्यायचं म्हणत होती. तरी कोणतं घ्यायचं ही चर्चा आठवडाभर भाचा आणि त्याच्या दोन मित्रांत चालली होती. मित्र व्हिडिओ पाठवत होते, त्यात गेम किती फ्रेमने चालतो हे दाखवलेलं. ज्या बाईचे पैसे, आणि जी दिवसाचे नऊ-दहा तास त्या खुर्चीवर बसते, तिला कुणी काही विचारलं नव्हतं. हे मला खटकलं आणि मी तसं बोलून दाखवलं. म्हणून नवरात्रातल्या रविवारी वही-पेन घेऊन मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

आधी जुन्या मशीनबद्दल. इंटेलचा आय-७ ४७९०, म्हणजे चौथ्या पिढीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, दोन जीबीचं ग्राफिक्स कार्ड, विंडोजसाठी २४० जीबीची एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) आणि बाकी सगळा डेटा यूएसबीने जोडलेल्या ४ टीबीच्या हार्डडिस्कवर. स्क्रीन २२ इंची, साध्या पॅनलची. आपल्या काळात हे मशीन चांगलंच होतं. पण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. ग्राहकांचे फोटो आणि व्यवहार ज्यावर आहेत ते मशीन अपडेटशिवाय नेटला जोडून ठेवणं मला पटत नाही.

एका मे महिन्यातल्या लग्नाचा अल्बम अजून राहिला होता, तोच मोजायला घेतला. दोन कॅमेरे, २४ मेगापिक्सेल, एकूण ५,२०० रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट आलेल्या मूळ फायली. एक रॉ फाइल साधारण ३० एमबीची, म्हणजे एका लग्नाचे दीडशे जीबीपेक्षा जास्त. तीस लग्नं धरली तर वर्षाला साडेचार टीबी.

सूनबाई लाइटरूम ह्या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये सिलेक्शन करत होती आणि मी घड्याळ बघत होते. ती पुढच्या फोटोवर जायची, फोटो आधी धूसर दिसायचा, मग हळूहळू स्पष्ट व्हायचा. नवरीचे डोळे उघडे आहेत का, फोकस बसलाय का, हे तेव्हाच कळायचं. प्रत्येक फोटोला दोन ते तीन सेकंद. ऐकायला काहीच नाही. पण ५,२०० ला अडीचने गुणलं की साडेतीन तासांच्या वर जातं, आणि ते साडेतीन तास ती चहा प्यायला उठू शकत नाही, कारण प्रत्येक वेळी थांबायचं फक्त अडीच सेकंद असतं. बोट बाणाच्या बटणावर, नजर धूसर फोटोवर. "मावशी, डोळे यानेच दुखतात, कामाने नाही," ती म्हणाली. आठवडाभराच्या त्या चर्चेत हे वाक्य कुठे आलंच नव्हतं.

बाकीचंही मोजलं. ७०० फोटो एक्स्पोर्ट व्हायला पाऊण तास, पण तेव्हा ती स्वयंपाकाला जाते. रात्रीच्या वरातीच्या आणि रिसेप्शनच्या अंधारातल्या फोटोंना लाइटरूमचं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणारं) लावायचं, ते एका फोटोला सहा मिनिटं. असे ऐंशी फोटो म्हणजे आठ तास. हे डीनॉइज २०२३ मध्ये आलं आणि ते जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डावर चालतं, त्यामुळे प्रोसेसर कितीही भारी घेतला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. फोटोशॉपमध्ये अल्बमचं शीट सेव्ह व्हायला चाळीस-पन्नास सेकंद, आणि मध्येच स्क्रॅच डिस्क (फोटोशॉपची तात्पुरत्या कामाची जागा) भरल्याचा मेसेज.

त्या वहीत मी दोन रकाने पाडले होते. एकात माणूस बसलेला असतानाचं थांबणं, दुसऱ्यात माणूस नसतानाचं. एक्स्पोर्ट दुसऱ्यात गेलं. सिलेक्शन आणि फोटोशॉप पहिल्यात. डीनॉइज दोन्हीकडे, कारण रात्री लावलं तर सकाळी नऊपर्यंत मशीन अडकून पडतं. मशीन एकटं रात्रभर राबलं तर कुणाचं काही जात नाही. पहिल्या रकान्यातलं थांबणं मात्र अंगावर येतं.

मग एक साधी चाचणी केली. माझ्याकडची एक साधी सॅटा एसएसडी त्यांच्या कॅबिनेटमध्ये जोडली, त्या लग्नाचा डेटा त्यावर घेतला, आणि मोकळी जागा मिळाल्यामुळे पूर्ण आकाराचे प्रिव्ह्यू (झटकन दिसणाऱ्या तयार प्रती) रात्री बनवायला लावले. इतके दिवस २४० जीबीच्या डिस्कवर प्रिव्ह्यूंना जागाच नव्हती, म्हणून ती प्रिव्ह्यूशिवायच सिलेक्शन करत होती. दुसऱ्या दिवशी अडीच सेकंदांचा एक सेकंदही उरला नाही. त्याच जुन्या मशीनवर.

भाचा ते बघून गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे नवीन घ्यायचंच नाही?" नवीन घ्यायचं होतंच. विंडोजचं कारण होतं, आणि दहा-अकरा वर्षांच्या मदरबोर्डवर नवं कार्ड चढवून त्यात पैसे घालणं मला योग्य वाटत नव्हतं. पण पैसे कुठे घालायचे हे आता कळलं होतं.

पर्याय चार होते.

ब्रँडेड टॉवरचं कोटेशन एक लाख चौतीस हजारांचं. प्रोसेसर उत्तम, तीन वर्षांची घरी येऊन देणारी सर्व्हिस. पण रॅम १६ जीबीची एकच स्टिक (एका स्टिकवर रॅमचा एकच चॅनल चालतो, दोन असल्या की दोन्ही), एसएसडी ५१२ जीबी, आणि एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज पुरवणारा डबा) इतका जेमतेम की पुढे मोठं कार्ड बसवायचं म्हटलं तर त्यावर चालणार नाही. इथे माझा पूर्वग्रह आहे, तो सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी माझा एक ब्रँडेड टॉवर दिवाळीच्या भेटकार्डांच्या ऐन घाईत बंद पडला. गेला होता फक्त एसएमपीएस, पण त्याचा कनेक्टर नेहमीचा २४ पिनांचा नव्हता, त्या कंपनीचा वेगळाच होता. सांगलीत, मिरजेत, कोल्हापुरात कुठे मिळाला नाही. कंपनीचा पार्ट येईपर्यंत अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत तीन गिऱ्हाइकं गेली, त्यांतलं एक परत कधीच आलं नाही. इंजिनिअर बिचारा दुसऱ्याच दिवशी आला होता, पण हातात पार्ट नसलेला माणूस काय करणार? म्हणून ब्रँडेड घेणाऱ्याला मी एवढंच सांगते: सर्व्हिस किती वर्षांची हे विचारू नका, आमच्या पिनकोडला पार्ट किती दिवसांत येतो हे विचारा, आणि विकत घ्यायच्या आधी कॅबिनेटचं झाकण उघडून आत नेहमीच्या मापाचा एसएमपीएस आहे का बघा.

मॅक मिनी, एम-४ चा. किंमत तेव्हा ५९,९०० पासून. आवाज नाही, वीज कमी, छोटासा डबा. २४ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची डिस्क घेतली तर ९९,९००. स्टुडिओ आज नव्याने सुरू होत असता तर मी डोळे झाकून हाच घ्यायला सांगितला असता. पण इथे अल्बमची सगळी टेम्प्लेट्स श्रीलिपी ह्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये. 'शुभविवाह'पासून 'सप्तपदी'पर्यंत प्रत्येक शीटवरची अक्षरं त्यात बसवलेली, आणि त्यांच्याकडचं श्रीलिपी विंडोजचं, डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लावून चालणारं. माझ्याकडून जाणाऱ्या फायलीही त्याच. शिवाय त्यात रॅम नंतर वाढवता येत नाही. शीटचा हिशोब बघा: बारा बाय छत्तीस इंच, ३०० डीपीआय, म्हणजे १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल. नुसता एक लेअर ११७ एमबीच्या आसपास. फोटो, मास्क, सावल्या, फुलांच्या चौकटी मिळून पंधरा-वीस लेअर झाले की एक शीट दोन जीबीकडे जातं, आणि ती एका वेळी चार-पाच शीट उघडी ठेवते, कारण हळदीच्या शीटमधला रंग पुढच्या शीटशी जुळवायचा असतो. ३२ जीबी किमान, ६४ असेल तर निश्चिंत.

तिसरा पर्याय सगळे पार्ट ऑनलाइन मागवून घरी जोडायचा. सगळ्यांत स्वस्त, दुकानापेक्षा आठेक हजारांनी. भाच्याचा एक मित्र जोडून देणार होता. जोडणं अवघड नाही, दुपारभराचं काम आहे. अवघड असतं ते नंतर. मशीन अचानक बंद पडायला लागलं तर दोष रॅमचा, बोर्डाचा की एसएमपीएसचा? ते ओळखायला दुसरी रॅम, दुसरा एसएमपीएस हाताशी लागतो, अदलाबदल करून बघायला. घरात कोण ठेवतं? आणि वॉरंटी प्रत्येक पार्टची वेगळी. मित्र हौशी आहे, मनापासून मदत करेल, पण लग्नसराईत रात्री त्याने यावं असा हक्क आपण त्याच्यावर सांगू शकत नाही.

चौथा, सांगलीतल्याच एका दुकानदाराकडून आपण सांगू ते पार्ट घालून असेंबल करून घ्यायचं. आठ हजार जास्त. मी त्यांना वीस वर्षं ओळखते. त्यांच्याशी बोलणं झालं ते किमतीचं नाहीच: प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर येईल का, विंडोज ओरिजिनल बिलासकट असेल का, आणि पार्ट वॉरंटीला गेला तर तोवर स्टँडबाय, म्हणजे तात्पुरता दुसरा पार्ट, मिळेल हे बिलावर लिहून द्याल का. ते म्हणाले, "ताई, स्टँडबाय देतोच की, लिहायचं कशाला?" मी म्हटलं, "तुम्ही देताच, म्हणून लिहा." त्यांनी लिहिलं. आठ हजार ह्या एका ओळीचे होते, असं मी भाच्याला समजावलं.

पार्ट ठरवताना दोनच ठिकाणी वाद झाला. प्रोसेसर रायझेन ७ ७७००, आठ कोअरचा, ६५ वॅटचा. त्यात स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, म्हणजे उद्या कार्ड गेलं तरी स्क्रीन दिसत राहते. कार्डाच्या बाबतीत भाच्याला आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबीचं हवं होतं. मी ८ जीबीचं साधं ५०६० पुरे म्हटलं आणि वाचलेले पैसे रॅमकडे वळवले. डीनॉइजला त्यावर एका फोटोला बारा-तेरा सेकंद लागतात, ऐंशी फोटो वीस मिनिटांच्या आत. वीसची पंधरा झाली तरी सूनबाईच्या दिवसात काय फरक पडतो?

रॅमचा वाद दुकानदारांशी. त्यांच्याकडे १६ च्या स्टिक होत्या, चार घाला म्हणाले, ६४ च होतात. होतात खऱ्या, पण ह्या प्रोसेसरला डीडीआर-५ च्या दोन स्टिक असल्या तर अधिकृत वेग ५२०० चा आणि चार घातल्या तर ३६०० चा. म्हणून ३२ च्या दोनच घेतल्या. हे ठरलं ऑक्टोबरात. पुढच्या दोन महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी इतकी उचलली की रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले. 'आत्ता ३२ घे, पुढे वाढवू' असं ठरलं असतं तर ते 'पुढे' आलंच नसतं. ह्यात माझं शहाणपण काही नाही, वेळ बरी होती.

चूक मात्र माझी झाली ती एसएसडीत. पैसे ताणले गेले म्हणून मी २ टीबीऐवजी १ टीबीची एनव्हीएमई घ्यायला सांगितली. हिशोब वहीत समोर होता: एका लग्नाला दीडशे जीबी, विंडोज आणि फोटोशॉपची स्क्रॅच धरून दोनशे, वर लाइटरूमचे प्रिव्ह्यू. चौथ्या लग्नाला डिस्क भरली. डिसेंबरात सूनबाई पुन्हा हार्डडिस्कवरून सिलेक्शन करायला लागली आणि तेच अडीच सेकंद परत आले. तोवर एसएसडीही महागली होती. बोर्डावर दुसरा स्लॉट रिकामा होता म्हणून २ टीबीची जास्त पैसे मोजून घातली.

आता स्क्रीन. ह्यावर मी सगळ्यांत जास्त अडून बसले. उन्हाळ्यात एक अल्बम परत आला होता. हळदीचे फोटो. पिवळी साडी, झेंडूच्या माळा, गालाला, कपाळाला, हाताला हळद. नवरीच्या आईने पहिलं शीट उघडलं आणि म्हणाली, "अहो, पोरगी कावीळ झाल्यासारखी दिसतेय." पुन्हा छपाई स्वतःच्या खर्चाने करून द्यावी लागली. छपाईवाल्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. जुनी स्क्रीन निळसर दाखवत होती, म्हणून सूनबाई प्रत्येक फोटोत ऊब वाढवत होती, आणि ती वाढवलेली ऊब कागदावर उतरत होती. पिवळा रंग मुळात नाजूक. त्यात लाल आणि हिरवा चॅनल वरच्या टोकाला असतात आणि निळा जवळजवळ शून्यावर. जरा जास्त ढकलला की लाल चॅनल २५५ ला, म्हणजे कमाल मर्यादेला, टेकतो आणि साडीची वीण, हळदीचा खरखरीत लेप, सगळं सपाट होऊन एक रंगाचा पट्टा उरतो. राजापुरी हळदीची बाजारपेठ असलेल्या ह्या गावात हळदीचा पिवळा चुकला तर कुणाच्याही नजरेला कळतो.

२७ इंची आसुस प्रोआर्ट पीए २७८ क्यूव्ही घेतली, पूर्ण एसआरजीबी (रंगांची प्रमाण श्रेणी) दाखवणारी. माझ्याकडचं कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) लावून ब्राइटनेस शंभर कँडेलाच्या आसपास आणला. सूनबाईला पहिले दोन दिवस स्क्रीन अंधारी वाटली. मग त्या परत आलेल्या अल्बमचं नवं छापील शीट तिने स्क्रीनशेजारी उभं धरलं, खिडकीचा पडदा ओढला, आणि बराच वेळ इकडून तिकडे बघत राहिली. "मावशी, साडीचे काठ दोन्हीकडे दिसतात."

दिवाळी पाडव्याला खरेदी झाली. स्क्रीन सोडून मशीन १,१९,०००, स्क्रीन २८,०००, बॅकअपसाठी दुसरी ४ टीबीची हार्डडिस्क १०,०००. एकूण १,५७,०००, भिशीवरचे सात हजार भाच्याने घातले. यूपीएस जुनाच, बॅटरी नवी. जुनं मशीन नेट काढून फक्त कॅमेऱ्याची मेमरी कार्डं खाली करायला ठेवलंय.

दुसऱ्या हार्डडिस्कचा खर्च भाच्याला जड वाटत होता. त्याला मी ऑगस्ट २०१९ ची आठवण करून दिली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौकाजवळच्या माझ्या दुकानात कॅबिनेट जमिनीवर होतं आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. पाणी उतरल्यावर खण उघडला तर डिस्कमधून गाळ आला. दोन प्रती होत्या, पण एकाच टेबलात. गिऱ्हाइकांच्या फायली नव्याने करता आल्या. लग्न पुन्हा लावता येत नाही. विश्रामबागेत तेवढं पाणी येत नाही हे खरं, पण चोरी आणि शॉर्ट सर्किट पहिल्या मजल्यावरही होतात. दुसरी डिस्क सूनबाईच्या माहेरी मिरजेला असते, दर सोमवारी बदलून येते.

जानेवारीत परीक्षा झाली. संध्याकाळी साडेसातला मशीन बंद पडलं, दुसऱ्या दिवशी सकाळी अल्बमच्या फायली छपाईला जायच्या होत्या. सूनबाईने आधी दुकानदारांना फोन केला, मग मला. मी पोचले तेव्हा ते कॅबिनेट आडवं करून बसले होते, शेजारी त्यांच्या दुकानातला एसएमपीएस. जुना काढला, नवा सरकवला, चार स्क्रू त्याच भोकांत बसले, २४ पिनांचा कनेक्टर खट्‌कन लागला. पंखे फिरले. सव्वानऊ वाजले होते. गेलेला एसएमपीएस वॉरंटीत बदलून यायला सतरा दिवस लागले, तेवढे दिवस दुकानातलाच आत होता.

त्या रात्री साडेदहाला शेवटचं शीट सेव्ह करून सूनबाई म्हणाली, "ते बिल कुठे ठेवलंय हो?" भाच्याने पाकिटातून काढून दिलं. तिने ते लॅमिनेट करायला माझ्याकडे दिलंय.